तोंड स्वच्छ करून या

आईला दुधात भाकरी कुस्करून खाताना मी पहिल्यांदा पाहिलं ते गेल्या दिवाळीत. आमच्या घरात तसं जेवण लहान मुलांना देत, नाहीतर दात पडलेल्या म्हाताऱ्यांना. आईचे दात सगळे जागेवर आहेत. ठेच्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. त्या दिवशी मात्र तिने ठेच्याची वाटी डाव्या हाताने अण्णांच्या ताटाकडे सरकवली आणि दुधाची वाटी पुढे ओढली. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी वाटीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि खाली मान घालून जेवू लागले. त्यांना माहीत होतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"दुधात का खाते गं?"

"तोंड आलंय जरा. उष्णता झाली आसंल."

"कधीपासून?"

"व्हईल बरं. तू खाय."

निघायच्या दिवशी मी तिला करंजी भरवायला गेले. तिने तोंड उघडलं, पण करंजीची कड दातांना अडली. मला वाटलं ती थट्टा करतेय. मी हसून पुन्हा करंजी पुढे केली. पुन्हा अडली. तेव्हा आईने करंजी माझ्या हातातून घेतली, तिचे दोन तुकडे केले आणि एक तुकडा गालाच्या उजव्या बाजूने आत ढकलला. "तुह्या करंज्याच मोठ्या," ती म्हणाली. करंज्या तिनेच केलेल्या होत्या.

आमचं गाव चांदवड तालुक्यात आहे. थोडी जमीन, एक विहीर, एक गाय. शेतीवर घर पूर्ण चालत नसे, म्हणून आई दुसऱ्यांच्या वावरात कांदा लागवडीला जायची. पुढे बायकांची एक टोळीच तिच्या हाताखाली तयार झाली. कुणाकडे किती वाफे, कुठे कधी पाणी भरायचं, रोप किती अंतरावर लावायचं हे सगळं तिच्याकडे असे. मी गावच्या शाळेत शिकले, मग तालुक्याच्या कॉलेजात. आमच्या घरात पदवीपर्यंत गेलेली मी पहिली. आज मी नाशिकला एका शाळेत शिक्षिका आहे, सिडकोत दोन खोल्यांचं आमचं घर आहे, माझे मिस्टर अंबडच्या एका कारखान्यात आहेत. हे सगळं कुणामुळे झालं, हे मला कुणी सांगायची गरज कधी पडली नाही. पण ते कशावर झालं, हे कळायला गेला हिवाळा यावा लागला.

नाशिकला परत आल्यावर मी अण्णांना फोन करून आईला पाठवून द्यायला सांगितलं. आई चार दिवस टाळत राहिली. लागवडीचा हंगाम तोंडावर होता, शिवाय लेकीच्या घरी जाऊन राहायचं तिला नेहमीच जड जातं. शेवटी आली ती बाजरीचं पीठ, लसूण, कांदे आणि तुरीची डाळ असं पोतंभर सामान घेऊन.

"इथे बाजरी मिळत नाही का?" मी म्हटलं.

"मिळती. पण ती जावयाची. ही माही."

मुंबई नाक्याच्या बाजूला एक डॉक्टर तोंडाचे आजार पाहतात. शाळेतल्या एका बाईंनी त्यांचं नाव सुचवलं होतं. त्यांनी आईला खुर्चीत आडवं केलं, दिवा ओढला आणि तीन बोटं उभी एकावर एक तोंडात घालायला सांगितली. दोनही जाईनात. मग त्यांनी आरशाने डावा गाल बाजूला धरला आणि दिवा आणखी जवळ आणला.

"मावशी, मशेरी लावता?"

आईने माझ्याकडे पाहिलं. जणू उत्तर मला माहीत असावं. "लावते. सकाळची. दाताला."

"फक्त सकाळी?"

"सकाळी. मग न्याहारीच्या आधी. मग दुपारी थोडी. आन निजताना."

"आत कुठे दाबून ठेवता का?"

आईने डाव्या गालावर बाहेरून बोट ठेवलं.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी तिला समजेल असं सांगितलं. गालाच्या आत पांढरा चट्टा आहे, त्यात एक जखम आहे. दोन आठवडे मशेरी, तंबाखू पूर्ण बंद. गोळ्या, तोंड उघडायचा व्यायाम. एवढ्याने जखम भरली नाही तर तिथला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवायचा. बाहेर फी देताना मी एकटी होते, तेव्हा ते हलक्या आवाजात म्हणाले, "जागा बरी वाटत नाही. तुकडा काढावाच लागेल असं धरून चला. पण आधी मशेरी तर सुटू दे."

मी मान हलवली. मला पुढचा प्रश्न विचारायचा होता, पण तो शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. आमच्या गावात त्या आजाराचं नाव घेत नाहीत. "त्याला तो रोग झाला," एवढंच म्हणतात, आणि सगळ्यांना कळतं.

आमच्या शाळेच्या फाटकाबाहेर रस्त्यावर एक पिवळी रेघ मारलेली आहे. त्या रेघेच्या आत तंबाखू विकायला बंदी. दर वर्षी मुलांना तंबाखूविरोधी शपथ द्यायचं काम माझ्याकडे असतं. मुलांनी केलेली चित्रंही मीच भिंतीवर लावते. विडी ओढणारा माणूस, गुटख्याची पुडी, कवटी, असं त्यात असतं. मशेरी लावणारी बाई मुलांनी कधी काढली नाही आणि मलाही कधी सुचवावीशी वाटली नाही. आमच्याकडे मशेरी व्यसनात धरतच नसत. ती दात घासायची वस्तू. मी लहान असताना रविवारी संध्याकाळी मागच्या अंगणात जुन्या तव्यावर आई तंबाखू भाजायची. मी शेजारी बसून तव्यावर नीट काळा रंग कधी येतो ते पाहायचे. धुराने ठसका लागायचा. भाजून झालं की पाट्यावर वाटायचं, फडक्याने चाळायचं आणि डबीत भरायचं. त्या वासाला मी रविवारचा वास म्हणायचे.

आईने मशेरी सोडली. एवढ्या सहज सोडील असं मला वाटलं नव्हतं, आणि ती सहज सुटलीही नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत तिचं डोकं दुखायला लागलं. पोट साफ होईना. माझ्यावर, माझ्या गॅसवर, वरच्या मजल्यावरून येणाऱ्या मिक्सरच्या आवाजावर चिडायची. मी पेस्ट आणि मऊ ब्रश आणून दिला होता. ती ब्रश करायची, चूळ भरायची आणि मग गॅलरीत जाऊन बसायची. मी एकदा चहा घेऊन गेले तेव्हा पाहिलं, ती उजव्या हाताचं कोरडं बोट हिरड्यांवरून फिरवत होती. बोटावर काहीच नव्हतं. खाली रस्त्यावर शाळेच्या रिक्षा चालल्या होत्या आणि आई त्यांच्याकडे पाहत, सावकाश, एका बाजूने दुसऱ्या बाजूला बोट फिरवत होती.

"काय करतेस?"

"काय नाय. त्याबिगर दिवस उगवल्यासारखा वाटत नाय."

रोज संध्याकाळी मी तिच्या तोंडात पाहायचे. खुर्चीत बसवून, मोबाईलचा दिवा लावून. ती शाळेतल्या मुलासारखी डोळे मिटून तोंड उघडायची. मी फोटो काढायचे. मग आदल्या दिवशीच्या फोटोशी ताडून पाहायचे. कधी वाटायचं चट्टा लहान झाला, कधी वाटायचं उजेडच वेगळ्या बाजूने पडलाय. हळूहळू माझा मोबाईल आईच्या गालाच्या आतल्या फोटोंनी भरून गेला. एकदा मधल्या सुट्टीत शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, दिवाळीचे फोटो दाखवा ना. मी दाखवायला मोबाईल पुढे केला आणि एकदम मागे घेतला. त्यांना वाटलं काही खासगी असेल. तसं ते होतंच.

मी माहिती वाचायची नाही असं ठरवलं होतं. तरी वाचली. वाचलं की मी भांडी घासायला लागायचे, घासलेली पुन्हा घासायचे. मिस्टर म्हणाले, "रिपोर्ट येत नाही तोवर काही झालेलं नाही, असं धर." ते मनापासून म्हणाले, पण असं धरायचं कसं, हे मला कळत नव्हतं. वर्गात पाढे म्हणून घेताना मी मधेच गप्प व्हायचे. मुलं पुढे म्हणत राहायची आणि त्यांचा पाढा संपला की मला कळायचं, की तेवढा वेळ मी तिथे नव्हते. आईसमोर मी नको तेवढी बोलायचे. भाजी काय करू, साडी कुठली नेसतेस, टीव्ही लावू का. ती एकदा म्हणाली, "बाई, तू इतकी कधी बोलत नव्हती."

अण्णांचा फोन रोज संध्याकाळी यायचा. त्यांना आजाराबद्दल विचारता येत नसे. "जेवली का?" एवढं विचारायचे आणि मग वावराचं सांगायचे. टोळीतल्या बायका आईविना लागवडीला जात होत्या. त्यातल्या एकीने अण्णांच्या फोनवरून आईला सांगितलं, "तू नाय तर वळ सरळ येत नाय. मुकादमीण झाली ती नवी, तिला वाफ्यातलं पाणी बी दिसत नाय."

"तिला म्हनावं चष्मा घाल," आई म्हणाली.

सगळ्यात मोठी अडचण गाईची झाली. आईच्या हाताची सवय, अण्णांना ती दूध देईना. लाथ मारायची, नाहीतर दूध चोरायची. मग एका संध्याकाळी अण्णांनी सांगितलं, अगदी साध्या आवाजात, "आता देती. तुही ती हिरवी साडी अंगावर घेतो."

आईने स्पीकरवर ठेवलेला फोन जवळ ओढला. "कुठली हिरवी?"

"चौकड्याची. तिला तुहा वास येतो ना त्याला. खांद्यावरून घेतो, डोक्यावरून बी. मग उभी राहती."

"आन कुनी पाहिलं म्हंजे?"

"पाहिलं. म्हाताऱ्या आत्याबाईनं पाहिलं. म्हनली, सून कधी आली शहरातून?"

आई हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसली. आणि हसताहसता तिने गाल धरला, कारण तोंड तेवढं उघडत नव्हतं. तरी हसत राहिली. माझ्या घरी आल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

दोन आठवडे झाले. जखम भरली नव्हती. मला फोटोंत दिसत होतं, तरी मी स्वतःला सांगत होते की आपल्याला काय कळतं. मी त्या दिवशीचा फोटो डॉक्टरांना पाठवला, तसा दवाखान्यातून फोन आला. उद्या सकाळी या, तुकडा काढू. नाश्ता हलका करून या, तोंड स्वच्छ करून या. मी आईला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत रजा कळवण्यात आणि रिक्षा बोलावण्यात होते. आई बराच वेळ न्हाणीघरात होती. बाहेर आली तेव्हा केस विंचरलेले, चांगली साडी नेसलेली. रिक्षात ती तोंडावर पदर धरून बसली होती. मला वाटलं गारठा आहे म्हणून.

डॉक्टरांनी दिवा ओढला, आईने तोंड उघडलं, आणि ते खुर्चीत मागे टेकले.

"मावशी, हे काय?"

आईच्या हिरड्या, दात, जीभ सगळं काळं होतं. गालाच्या आत रक्त आलं होतं. तिने नुसती मशेरी लावली नव्हती, घासघासून लावली होती, आणि जखमेवरसुद्धा.

"दोन आठवडे तुम्ही लावतच होता ना?" डॉक्टर म्हणाले. आवाज चढवला नाही, पण थकल्यासारखे वाटले. "असं असेल तर आम्ही काय करायचं?"

 डॉक्टरांनी आईचं तोंड धुऊन घेतलं, रक्त थांबवलं, आणि सांगितलं की आज तुकडा काढला तर नीट कळणार नाही, सूज उतरू दे, पुढच्या आठवड्यात या. म्हणजे आणखी एक आठवडा. मी ते वाट पाहणं मनातल्या मनात संपवून टाकलं होतं. आज तुकडा जाईल, मग काही दिवसांत काय ते कळेल, अशा आशेवर मी कशीबशी तग धरून होते. आता ते सगळं पुन्हा पुढे गेलं.

रिक्षात मी तिच्याशी बोलले नाही. मग बोलले, आणि नको ते बोलले. "मी रोज विचारत होते ना तुला? एवढी रजा काढली, डॉक्टर काय म्हणाले असतील आपल्याला? सोडायची नव्हती तर सांगायचं होतंस."

रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि मान फिरवली.

आईने मान बाहेर वळवली. मग म्हणाली, "सोडलीच व्हती. आजच लावली."

"आज? आजच कशाला?"

"तूच म्हनली ना, तोंड स्वच्छ करून बोलावलंय. परका मानूस. त्याच्या डोळ्यापुढं तोंड उघडायचं. त्या पेस्टीनं कुठं स्वच्छ व्हतं? नुसता फेस येतो. दोन आठवडे नुसत्या फेसाव काढले, तोंडाला वास यायला लागला असंल, म्हनलं डाक्टरला वास यायला नको. म्हनून चांगलं घासलं."

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात अजून काळं राहिलं होतं. मी रुमाल ओला करून पुसलं. ती लहान मुलासारखी चेहरा पुढे करून बसली. घरी जाईपर्यंत मी तिचा हात धरून ठेवला.

घरी आल्यावर तिने कंबरेच्या पिशवीतून डबी काढली आणि माझ्या हातात दिली. पत्र्याची, झाकणाचा रंग उडालेला. "ठेव तुझ्याकडं. माह्या हाताशी नको."

मी ती माळ्यावर ठेवली. फेकायचा धीर झाला नाही.

त्या दुपारी आम्ही दोघीच घरात होतो. मी तिला विचारलं, रागाने नाही, खरंच विचारलं, "आई, तू ही कधीपासून लावतेस?"

"लगीन होऊन आले तव्हा सासू लावायची. मी नाय लावत व्हते. मला घान वाटायची."

"मग?"

ती लसूण सोलत होती. माझ्या घरी येताना आणलेला, तिचा. "मग तू शाळंत जायला लागली. सकाळी भाकरी थापायच्या त्या मोजूनच व्हायच्या. तुह्या डब्यात, अण्णांच्या फडक्यात. मी वावरात जायची. बायका म्हनायच्या, मशेरी लाव, पोट मागत नाय. खरंच मागायचं नाय. अकरा वाजंपर्यंत कळायचं बी नाय भूक हाये का नाय. मग सवय लागली."

ती हे असं सांगत होती, जसं कोणी बाजारात कांद्याचा भाव सांगतं. माझ्यावर उपकार केले, असं तिच्या आवाजात काहीही नव्हतं. उलट जरा हसलीच. "तुहा डबा तर रोज रिकामा यायचा घरी. पार चाटूनपुसून. भूक लागायचीच तुला, तू अभ्यास करायची."

मला तो डबा आठवतो. शाळेतून येताना मी राहिलेली भाकरी वाटेत कुत्र्याला घालायचे. मी ते तिला सांगितलं नाही. सांगून तिला काय मिळालं असतं?

पुढच्या आठवड्यात तुकडा काढला. दोन टाके पडले. त्या सकाळी मी तिला माझ्यासमोर बसवून पेस्टने दात घासायला लावलं होतं, आणि तिने मला, "बघ, आता वास येतोय का?" असं विचारलं होतं. मी तिच्या तोंडाजवळ नाक नेलं. "येत नाही," मी म्हटलं. येत नव्हताच.

मग रिपोर्टची वाट. ती सर्वांत वाईट होती, कारण आता करायला काही उरलं नव्हतं. आधी निदान मशेरी सुटतेय का बघायचं, व्यायाम करून घ्यायचा, फोटो काढायचे. आता टाके होते, फोटोही काढता येत नव्हते. आई पेज प्यायची आणि दुपारी गॅलरीत उन्हाला बसायची. तिला गावाला जायचं होतं. गाईसाठी अण्णांनी साडी अंगावर घेऊन किती दिवस चालणार, असं म्हणायची. मी शाळेत जायचे आणि फोन टेबलाच्या कप्प्यात ठेवायचे. आवाज बंद, पण थरथर लागेल असा. मुलं लिहीत असताना माझा हात तिथेच असायचा. कुणाचाही फोन आला, गॅसच्या सिलिंडरवाल्याचा आला, तरी मी वर्गाबाहेर पळायचे.

एका संध्याकाळी कालिकेच्या देवळात गेलो. आईने हात जोडून काय मागितलं हे मी विचारलं नाही. तिनेच बाहेर आल्यावर चपला घालता घालता सांगितलं. "म्हनलं, आता जे काय आसंल ते बाहेर येऊ दे. पोरीचा चेहरा बघवत नाय."

दवाखान्यातून फोन आला तो चौथीच्या तासाला. रिपोर्ट आलाय, मावशींना घेऊन या, सोबत घरातलं आणखी कुणी असेल तर बरं. तेवढं ऐकूनच मला कळलं. चांगला रिपोर्ट घ्यायला कुणाला सोबत आणायला सांगत नाहीत. मी फळ्यावरचं अर्धं वाक्य पूर्ण केलं. मुलं ते वहीत उतरवत होती, ते अर्धं सोडणं बरं दिसलं नसतं. मग शेजारच्या वर्गातल्या बाईंना मुलांकडे लक्ष ठेवायला सांगितलं.

डॉक्टरांनी आईसमोरच सांगितलं. आईनेच तसं म्हटलं होतं, माझ्यापासून लपवू नका. तो रोगच होता. गालाच्या आत, अजून फार पसरलेला नाही असं वाटतं, पुढचं स्कॅन झाल्यावर पक्कं सांगता येईल. ऑपरेशन करावं लागेल. गालाचा तेवढा भाग काढावा लागेल, मानेतल्या गाठीही काढून पाहतील. डॉक्टर हे सांगताना मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते आणि आई माझ्या तोंडाकडे.

"बोलता येईल का मंग?" आईने विचारलं.

"येईल. थोडा फरक पडेल. सवयीने सुधारेल."

"आन लागवडीला वाकता येईल?"

"ते येईल, मावशी. वाकायला तोंड लागत नाही."

आई जरा हसली. डॉक्टरही हसले. मी हसू शकले नाही.

संध्याकाळी अण्णांना मी फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडून गाईच्या गळ्यातल्या साखळीचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "बरं. मी येतो." आणि मग, "तिला दे." आईने फोन घेतला. ती म्हणाली, "जेवले का?" आणि पुढे बराच वेळ ती फक्त "हां, हां" करत राहिली. अण्णा त्या दिवशी एवढं काय बोलले, हे तिने मला आजतागायत सांगितलेलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी अण्णा आले होते. गाय शेजाऱ्याकडे बांधून, हिरवी साडी त्याला देऊन. पहाटेच नर्स आली. औषधाच्या पाण्याची वाटी, कापूस आणि एक ट्रे ठेवला आणि जाता जाता म्हणाली, "आजी, तोंड स्वच्छ करून घ्या. थोड्या वेळात नेतील."

आईने वाटी उचलली नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली.

"तूच कर," ती म्हणाली. "माह्याकडून चुकंल."

मी हात धुतले. कापूस बोटाला गुंडाळला, पाण्यात बुडवला. तिने तोंड उघडलं, जेवढं उघडत होतं तेवढं. मी आधी वरच्या हिरडीवरून बोट फिरवलं, मग खालच्या. इतकी वर्षं तिचं बोट रोज जिथून जायचं, तिथून आता माझं बोट जात होतं. डाव्या गालात आत गेल्यावर मला ती जागा लागली. कडक, खरबरीत, एका बाजूला उंच. फोटोंत ती किती तरी वेळा पाहिली होती, पण हाताला पहिल्यांदा लागली. मी तिथे दाब न देता कापूस फिरवला. आईने डोळे मिटून घेतले होते. तिचा श्वास माझ्या मनगटावर येत होता.

"झालं?" तिने विचारलं. बोट आत असल्यामुळे शब्द नीट आला नाही.

"अजून थोडं," मी म्हटलं, आणि बोट काढून घेतलं नाही.